नाथांच्या वाड्यातील दोन अटी

रामकृष्ण हरी.

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की पैठणच्या वाटेवर दिंड्या दिसू लागतात. इ. स. १५९९ साली याच तिथीला शांतिब्रह्म एकनाथ महाराजांनी गोदावरीत देह ठेवला. षष्ठीच्या कीर्तनात आम्ही मंडळी नाथांची शांती सांगतो, तहानलेल्या गाढवाला पाजलेली कावड सांगतो, श्राद्धाच्या अन्नाची कथा सांगतो. मीही चाळीस वर्षे तेच सांगितले. पण एक प्रसंग मी नेहमी घाईने उरकत असे. तो प्रसंग बाप-लेकाचा आहे. आता वय झाले, वीणा खुंटीला लागली, म्हणून आज त्याच प्रसंगापाशी थोडे थांबतो.

प्रपंच साधावा, मानही मिळावा आणि परमार्थही हातचा जाऊ नये, हे कोडे आजच्या नोकरदारांनाच पडले आहे असे नाही. नाथांपुढेही ते होते, आणि ते गुरूंनीच त्यांच्यापुढे ठेवले होते. लहानपणीच आईवडिलांचे छत्र गेले. आजोबा चक्रपाणींनी सांभाळले. पणजोबा भानुदासांपासून घरात पंढरीची वारी होती. कोवळ्या वयात नाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी दत्तभक्त आणि त्याच वेळी किल्ल्याचे अधिकारी. हिशेबात एका पैची चूक निघाली, ती शोधण्यात नाथांनी रात्र घालवली, सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण ते शिक्षण कोठे झाले ते पाहा. मठात नव्हे, कचेरीच्या वह्यांवर झाले. ज्याचा गुरूच दप्तर सांभाळून समाधी लावत होता, त्या शिष्याला संसार म्हणजे अडथळा असे कधी शिकवले गेले नाही. तीर्थयात्रेनंतर गुरूंची आज्ञा आली की पैठणला राहावे आणि गृहस्थाश्रम करावा. आज्ञापत्र जेथे वाचले तेथेच नाथ थांबले, असे परंपरा सांगते.

पुढे गिरिजाबाईंशी विवाह झाला. मुली झाल्या, मुलगा हरिपंडित झाला. रोजचा क्रम ठरलेला होता. पहाटे गोदास्नान, मग पूजा, पुराण, दुपारी अतिथी आणि रात्री कीर्तन. लेखनाचा व्याप तर थक्क करणारा. भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ मध्ये कार्तिकी पौर्णिमेला काशीत पूर्ण झाली. तिच्या ओव्या सुमारे १८,८०० आहेत. शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शिवाय रुक्मिणीस्वयंवर, भारुडे, आणि अखेरचे भावार्थरामायण, जे हातून पुरे झाले नाही. हे सारे भरल्या घरात झाले. आल्यागेल्याचे ताट वाढणारी गिरिजाबाई होती, घरचा कारभार पाहणारा उद्धव होता, आणि कावडीने पाणी भरणारा श्रीखंड्या तर प्रत्यक्ष देवच, अशी आपली श्रद्धा आहे. नाथांचा परमार्थ एकट्याच्या बळावर उभा नव्हता, हे नाथ जाणत होते. आम्ही मात्र विसरतो.

आता तो प्रसंग. ताहराबादच्या महिपतीबुवांनी इ. स. १७७४ च्या भक्तलीलामृतात नाथांचे चरित्र विस्ताराने गायिले आहे. त्या परंपरेत ही कथा येते. हरिपंडित मोठा विद्वान निघाला. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्याला रुचेना. तो बायकामुलांसह काशीला निघून गेला. नाथ त्याला आणायला गेले. येतो, पण दोन अटींवर, असे तो म्हणाला. पुराण संस्कृतातच सांगायचे आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही अटी मान्य केल्या.

सज्जनहो, याच काशीत नाथांच्या मराठी भागवतावर पंडितांनी आक्षेप घेतला होता. तेथे नाथ मागे हटले नाहीत, ग्रंथ पूर्ण करूनच परतले. पंडितांच्या सभेपुढे न वाकलेला हा पुरुष मुलापुढे वाकला. अट घातली ती नेमकी त्यांच्या जन्माच्या कार्यावर, तरीही मानली. वाड्यातले श्रोते रोडावले. ज्यांना संस्कृत कळत नव्हते ते येईनासे झाले. नाथांनी ते सोसले, कारण घर तुटलेले राहिले तर पुराण कोणत्या तोंडाने सांगायचे?

मग एक वृद्धा आली. सहस्रभोजनाचा तिचा संकल्प राहिला होता, ऐपत नव्हती. नाथ एकटे जेवले तरी संकल्प पुरा होईल, असे तिला सांगण्यात आले होते. नाथांनी हरिपंडितालाच तिच्याकडे स्वयंपाक करायला लावले आणि ते जेवले. जेवणानंतर हरिपंडित पत्रावळ उचलायला गेला, तो खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा सहस्र निघाल्या. त्याचा अभिमान गळाला आणि वाड्यात पुन्हा मराठी पुराण सुरू झाले. चमत्कार मानायचा तसा माना. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. मुलाच्या प्रेमापायी नाथांनी आपला मान सोडला, आणि एका गरीब बाईच्या आसेपायी मुलाची अट सोडली. सोडला नाही तो फक्त जिव्हाळा.

आता माझे सांगतो. ऐन उमेदीत एका गावी सप्ताह होता. माझा मुलगा तापाने फणफणला आहे, असा निरोप आला. दोन दिवसांवर काला होता, हजारोंचा समाज जमणार होता. मी थांबलो. काला रंगला, लोकांनी खांद्यावर घेतले. घरी पोहोचलो तेव्हा ताप उतरला होता. पत्नी एवढेच म्हणाली, "तुम्ही देवाच्या कामाला गेला होतात ना, मग देवानेच पाहिले." त्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. मुलगा आज पन्नाशीत आहे. माझी सेवा करतो, पण माझ्या कीर्तनाला कधी बसला नाही. मी ते त्याच्या नास्तिकपणावर ढकलत आलो.

खरे पाहता मी देवासाठी थांबलो नव्हतो, काल्याच्या गर्दीसाठी थांबलो होतो. सेवा आणि मान यांच्यातली ती एका पैची चूक मला तेव्हा सापडली नाही. नाथांनी आपले पुराण मुलासाठी बाजूला ठेवले, मी एक कीर्तन ठेवले नाही.

परवा मुलाजवळ हे बोललो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अण्णा, षष्ठीला पैठणला जाऊ. मी गाडी काढतो." कीर्तनाला बसेल की नाही, मी विचारले नाही.

तरुण कीर्तनकारांना एवढेच सांगणे आहे की तारखांची वही भरताना घरच्यांसाठी एखादे पान कोरे ठेवा. ते पान देवाच्या हिशेबात वाया जात नाही.

रामकृष्ण हरी.