साविनच्या माथी मारलेली भुते

ऑक्टोबर संपत आला की एक गोष्ट हमखास ऐकू येते. आयर्लंडचे केल्टिक लोक ३१ ऑक्टोबरच्या रात्रीपासून ‘साविन’ पाळत. तो त्यांचा वर्षारंभ. त्या रात्री मृतांचे आत्मे घरी परतत, म्हणून लोक शेकोट्या पेटवत, मुखवटे चढवत. चर्चला हे मोडता येईना, तेव्हा त्याने त्याच तिथीवर सर्व संतांचा सण बसवला. तोच आजचा हॅलोवीन. हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. साविन खरा होता आणि त्या रात्री अद्भुत घडते, हे जुन्या आयरिश कथा वारंवार सांगतात. पण त्यापुढचा हिशेब मागितला की पूर्वपक्षाची तारांबळ उडते.

आधी मृतांचेच पाहू. आयरिश कथांतला वीर कुहुलिन याच्या आजारपणाच्या कथेत साविन म्हणजे सात दिवसांचा मेळा आहे. सण मध्ये, तीन दिवस अलीकडे, तीन पलीकडे. खेळ आहेत, खाणेपिणे आहे, आणि वीरांच्या बढाया आहेत. मारलेल्या शत्रूंच्या जिभा ते थैलीत घालून आणत. आकडा फुगवायला काही जण गुरांच्या जिभाही त्यात मिसळत! इतके बारीक टिपणारा कथाकार पितरांना पान वाढलेले मात्र कुठेच दाखवत नाही. का बरे?

पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट साक्षीदार म्हणजे दुसऱ्या एका जुन्या आयरिश कथेतला नेरा. साविनच्या रात्री तो फाशी दिलेल्या कैद्याच्या प्रेताजवळ जातो. प्रेत पाणी मागते. नेरा त्याला पाठीवर घेऊन घरोघर हिंडतो. पाणी पिऊन झाल्यावर ते शेवटचा घोट घरातल्यांवर थुंकते आणि ती माणसे मरतात. कथा भयानक आहे, कबूल. पण आदल्याच दिवशी लटकवलेला कैदी म्हणजे घरी परतलेला पूर्वज नव्हे. शिवाय नेरा पुढे ज्या टेकडीत शिरतो, तिथे ‘शी’ लोक राहतात. ते परलोकीचे रहिवासी आहेत, कुणाचे मेलेले आजोबा नव्हेत. आणि या कथा लिहिल्या कोणी? ख्रिस्ती लेखनिकांनी, ख्रिस्ती धर्म येऊन काही शतके लोटल्यावर.

मग वर्षारंभ आणि मृतांचा सण आले कुठून? वर्षारंभाचा तर्क जॉन ऱ्हीस यांनी १८८० च्या दशकात मांडला. मृतांच्या सणाला जेम्स फ्रेझर यांनी १८९० पासून आपल्या ग्रंथातून वजन दिले. दोघेही मोठे विद्वान. पण त्यांचा मुख्य आधार होता त्यांच्याच काळातल्या लोकरूढी. एकोणिसाव्या शतकातल्या शेतकऱ्याच्या साक्षीवरून हजार वर्षांपूर्वीचा खटला निकाली काढायचा? (या दोघांच्याही सुमारे शंभर वर्षे आधी चार्ल्स व्हॅलन्सी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने साविन नावाचा मृत्युदेवच उभा केला होता. तो अजूनही अधूनमधून डोके वर काढतो.)

आता चर्चचा कथित डाव. असा सण सुरुवातीला नोव्हेंबरात नव्हताच. इ.स. ६०९ मध्ये रोमचे पँथिऑन १३ मे रोजी मेरी आणि हुतात्म्यांना अर्पण झाले. इ.स. ८०० च्या सुमारास अल्क्विन हा इंग्लिश विद्वान साल्झबुर्गचा आर्चबिशप आर्नो याला १ नोव्हेंबरच्या सणाबद्दल लिहितो. त्याच सुमारास आयर्लंडमध्ये टॅलाच्या मठातल्या पंचांगात सर्व संतांचा सण होता २० एप्रिलला! सापळा आयरिशांसाठी लावला होता, तर ते त्यात इतक्या उशिरा कसे सापडले? नोव्हेंबरची तिथी जर्मन-इंग्लिश वाटेने पसरली. ती साविनवर बसवली असा पुरावा नाही.

मृतांसाठीची प्रार्थना मात्र पक्की ख्रिस्ती आहे. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाधिपती ओदिलोने हजार सालाच्या आसपास २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतात्म्यांसाठी नेमला. इंग्लंडमध्ये गरीब लोक दारोदार फिरत, मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात छोटे गोड पाव मिळवत. दारावर येऊन खाऊ मागणाऱ्या मुलांचा पूर्वज शोधायचा, तर तो इथे अधिक जवळ सापडतो.

वसईत आणि गोव्यात २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लागतात. त्या क्लूनीच्या वाटेने आल्या. साविनशी त्यांचा काही संबंध नाही.