बीज, क्षेत्र आणि कांद्याचं फूल

मंडळी, लासलगावात येऊन कांद्यावर बोलणं म्हणजे काशीत जाऊन गंगेची माहिती सांगणं. भावाबद्दल मी बोलणार नाही, ते तुम्हीच मला शिकवाल. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. मला कांद्याच्या फुलातून एका जुन्या प्रश्नाकडे जायचं आहे: आईकडून नेमकं काय येतं?

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र म्हणजे शेत म्हटलं आहे, पुरुषाला बीज, आणि बीज श्रेष्ठ ठरवलं आहे. तिकडे अरिस्टॉटल म्हणतो, पित्याकडून आकार येतो, आईकडून द्रव्य. दोन संस्कृती, पण आईला जमीन ठरवण्यात एकमत!

1900 मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले आणि आई-बाप समान वाटेकरी झाले. ते उजेडात आणणाऱ्यांतला एक कार्ल कॉरेन्स. त्यानेच 1909 मध्ये आपल्या ओळखीच्या गुलबक्षीवर दाखवलं, की पानांचा हिरवा-पांढरेपणा फक्त आईवरून ठरतो. पराग कुठल्या फांदीचा, याला महत्त्व नाही. म्हणजे पेशीच्या केंद्रकाबाहेरही वारसा असतो. हिरवेपणाच्या बाबतीत तो हरितलवकात होता. तसाच दुसरा वारसा मायटोकॉन्ड्रियात, शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेत. बहुतेक वनस्पतींत तो आईकडूनच येतो.

आता रानात चला. डार्विनने 1877 च्या पुस्तकात थाइम या सुगंधी वनस्पतीबद्दल लिहिलं आहे. काही झाडांना पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही, तर काही झाडं निव्वळ मादी. आणि मादी झाडांना बी जास्त. पराग न देणारं झाड रानात टिकतं कसं?

उत्तर पुढच्या शतकात मिळालं. मायटोकॉन्ड्रिया पुढच्या पिढीत जातात त्या बियांतून. पराग त्यांच्या दृष्टीने बंद रस्ता. मग त्यांच्यातल्या एखाद्या जनुकाने पराग बंद पाडला आणि बी वाढलं, तर त्यांचा फायदाच. केंद्रकातली जनुकं मात्र दोन्ही वाटांनी जातात, म्हणून त्यांचं नुकसान. मग केंद्रक उलट डाव टाकतं. त्याची काही प्रथिनं त्या जनुकाचा निरोप, म्हणजे आरएनए, कापून टाकतात. जनुक जागेवरच असतं, त्याला बोलू दिलं जात नाही. रानातल्या काही जातींत अशा मायटोकॉन्ड्रिया एकाच नव्हे तर अनेक प्रकारच्या सापडतात. हा वाद तिथे मिटत नाही, आणि त्यामुळेच विविधता टिकते.

कांद्याकडे येऊ. 1925 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे हेन्री जोन्स यांना ‘इटालियन रेड’ जातीच्या कांद्यात एक झाड दिसलं. त्याला पराग नव्हता. बोंडावर बारीक कांद्या आल्या होत्या, त्या लावून त्यांनी ते झाड जगवलं. 1943 मध्ये जोन्स आणि क्लार्क यांनी त्याचा वारसा उलगडून छापला: आईकडून आलेला पेशीद्रव्याचा दोष, आणि केंद्रकात त्याला आवरणाऱ्या जनुकाचा अभाव. कांद्याच्या एका बोंडात शेकड्यांनी फुलं. चिमट्याने कोण पुंकेसर काढणार? त्या एका झाडाने संकरित कांद्याचा रस्ता मोकळा केला.

पण सोयीची किंमत असते. अमेरिकेत मक्याच्या बहुतेक संकरित बियाण्याला एकाच ‘टेक्सास’ आईचं पेशीद्रव्य होतं. 1970 मध्ये पानावरचा करपा आला आणि देशाचं सुमारे 15 टक्के मक्याचं पीक गेलं. ज्या मायटोकॉन्ड्रियल जनुकाने पराग बंद केला होता, त्याच्याच प्रथिनामुळे बुरशीचं विष पिकाला बाधलं. जमीन समजून जिच्याकडे पाहिलं नाही, ती आईच निर्णायक ठरली.

तुमच्याच निफाडच्या नावाची एन-53 ही जात. इथला शेतकरी निवडक कांदे परत लावतो, डोंगळे येतात, मधमाश्या फिरतात, आणि घरचं उळं तयार होतं. संकरित कांद्यात हे जमत नाही. पीक कांद्याचं घ्यायचं, बियांचं नाही, म्हणून पराग परत आणण्याची बियाणं करणाऱ्याला गरज नसते. त्यामुळे डोंगळा पुष्कळदा परागहीनच. बी धरलं तरी पुढची पिढी आईबापासारखी निघत नाही. दरवर्षी बियाणं विकत घ्यावं लागतं.

मी संकरित बियाण्याच्या विरोधात नाही. एकसारखा माल, चांगलं उत्पन्न, हे फायदे खरे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की सगळ्या शिवारात एकच आई नको. ज्यांच्या घरी अजून स्वतःचं उळं धरतात, त्यांनी ते मोडू नये. त्या पिशवीत कांद्याच्या अनेक आयांचा वारसा आहे, आणि तो एकदा गेला की बाजारात मिळणार नाही.

थांबतो. आता तुम्ही विचारा.