रानातली जुनी खोप पुन्हा कशी उभी करतात?

चऱ्होली बुद्रुक १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. इंद्रायणीपलीकडचं चऱ्होली खुर्द मात्र खेड तालुक्यात आहे. नदीच्या दोन्ही अंगांना आता इमारती आणि पत्र्याचे शेड वाढले आहेत. शिवारातल्या राखणीच्या खोपीची जागा पत्र्याने घेतली, तशी ती दुरुस्त करणारे हातही कमी झाले.

खोपीत जमिनीत रोवलेल्या मेढी असतात. त्यांच्या बेळक्यात आढं बसतं, आढ्यावरून वासे उतरतात, बाजूंना कूड आणि वर गवत किंवा उसाचं पाचट. सगळं बांधलेलं असतं, ठोकलेलं नसतं. त्यामुळे पूर्ण खोप न पाडता खराब झालेला भागच बदलता येतो.

आधी मेढी तपासाव्यात. मेढ कुजते ती जमिनीच्या पातळीला, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही असतात. वाळवीही तिथूनच चढते. कोयत्याचं टोक सहज रुतलं तर मेढ गेली समजावं. पण ती आधी उपटू नये. शेजारी नवी मेढ रोवून आढ्याचा भार तिच्यावर घ्यावा, मग जुनी काढावी. हा क्रम चुकला तर छप्पर अंगावर येतं.

मावळात आणि भीमाशंकरकडे कुडाला कारवीच्या काठ्या वापरतात. कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते. नवी रोपं काठीजोगी व्हायला मग काही वर्षं जातात, म्हणून कुडाची दुरुस्ती रानाच्या वेळापत्रकाने होते. बांधायला आपट्याच्या सालीचा दोर चालतो. दसऱ्याला सोनं म्हणून ज्याची पानं वाटतो, तोच हा आपटा. कुडाला दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपतात. तिच्यात भुसा मिसळला की भेगा कमी पडतात.

छपराच्या कामाला शाकारणी म्हणतात. ती मृगाच्या आधी उरकायची. जुनं गवत हाताने ओढू नये, त्यात विंचू-साप असतात. काठीने खाली पाडावं. नव्या पेंढ्या वळचणीकडून वर लावत जायच्या, म्हणजे वरच्या थराने खालच्या थराची बांधणी झाकली जाते. उतार उभा हवा, नाहीतर पाणी गवतात मुरतं. आढ्यावरची पेंढी सगळ्यात शेवटी. खोपीत चूल पेटत असेल तर धुराने गवताला कीड कमी लागते. बंद पडलेल्या खोपीचं छप्पर लवकर जातं, त्याचं हेही एक कारण.

सामान कुठून आणायचं, हा प्रश्न नाजूक आहे. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय तोड करणं गुन्हा ठरतो. वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीने वन कायद्यातल्या ‘झाडां’च्या व्याख्येतून वगळला आहे. त्यामुळे वाशांसाठी बांधावरचा बांबू आणि छपराला पाचट हा सोपा मार्ग. बांबू हिवाळ्यात, तीन वर्षांचा झाल्यावर तोडावा; कोवळ्याला भुंगा लवकर लागतो.

शेवटी भोवती चर खणून पाणी उताराकडे काढून द्यावं.