न झालेल्या गोलांचा हिशोब

गोलकीपरच्या कामात एक गंमत आहे. स्ट्रायकरने दहा संधी घालवून अकरावी साधली की तो हिरो. गोलकीपरने दहा शॉट अडवून अकरावा सोडला की मॅच त्याच्यामुळे गेली. रात्रपाळीत सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सगळं सुरळीत चाललं तर अभिनंदनाचा फोन कोण करतो?

तर आज ब्रह्मानंद शंखवाळकरांबद्दल.

आधी थोडा भूगोल. आमच्या शिरगावच्या किल्ल्यातून मराठ्यांनी पोर्तुगीजांना 1739 साली हुसकावलं. गोव्यात ते 1961 पर्यंत टिकले. पण तिथल्या फुटबॉलचं श्रेय सरसकट त्यांना देऊ नका. 1883 मध्ये शिवोलीला आलेल्या विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्याने हा खेळ तिथे आणला असं मानतात. पुढे चर्चच्या शाळांमधून तो गावोगाव पोचला.

त्याच गोव्यात ताळगावला 1954 साली ब्रह्मानंद जन्मले. कारकिर्दीचा मोठा भाग ते साळगावकर क्लबकडून खेळले. 1983 मध्ये गोवा बंगालबरोबर संतोष ट्रॉफीचा संयुक्त विजेता ठरला. 1984 ला मद्रासमध्ये पंजाबला 1-0 हरवून गोव्याने ट्रॉफी एकट्याने जिंकली, आणि ती सुद्धा अख्ख्या स्पर्धेत एकही गोल न खाता! त्याच सुमारास, म्हणजे 1983 ते 86, ते भारताचेही कप्तान होते.

आता तारखा बघा. अर्जुन पुरस्कार 1997 ला. पद्मश्री 2022 ला. म्हणजे त्या मद्रासच्या पराक्रमानंतर तेरा आणि अडतीस वर्षांनी. न झालेल्या गोलांचा हिशोब लागायला आपल्याकडे एवढा वेळ लागतो.

खेळ थांबल्यावर ते कोच झाले, भारतीय संघाच्या गोलकीपरांनाही त्यांनी शिकवलं. इथे मला स्पेनचा हुलेन लोपेतेगी आठवतो. तोही गोलकीपर, देशाकडून जेमतेम एक मॅच खेळला, 1994 मध्ये. पण पुढे तो थेट स्पेनचा मुख्य कोच झाला. 2018 च्या वर्ल्ड कपच्या आदल्या दिवशी त्याला काढलं, तरी 2020 मध्ये त्याने सेव्हियाला युरोपा लीग जिंकून दिली. तिकडे गोलकीपरकडे 'अख्खं मैदान समोरून बघणारा माणूस' म्हणून पाहिलं जाऊ शकतं. आपण मात्र त्याला बहुतेक वेळा परत गोलपोस्टपाशीच उभं करतो.

एफसी गोवाने 2017 पासून लोबेरा, फेरांदो, पेन्या, मार्केझ असे चार स्पॅनिश मुख्य कोच आणले. त्यांनी चांगलं काम केलं, तक्रार नाही. लोबेराच्या काळात सुपर कपही आला. पण ज्या राज्याने एकही गोल न खाता संतोष ट्रॉफी जिंकली, तिथल्या गोलकीपरांच्या डोक्यातली विद्या फक्त डाइव्ह मारायला शिकवण्यापुरती वापरायची?

असो. पुढच्या वेळी 0-0 ची मॅच बोअर झाली म्हणण्याआधी, दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या माणसांकडे जरा बघा.