नाचणीचे मोड आणि बिअरचा फेस

माझा आणि बिअरचा तसा काही संबंध नाही. घरात ती निषिद्ध, आणि कवी असूनही त्या वाटेला कधी जावेसे वाटले नाही, असे सांगितले की कविमित्र हसतात. तरीही आज बोलायचे आहे ते बिअरविषयीच, तेही गहू आणि जव न वापरता केलेल्या बिअरविषयी. याला कारण झाला रोह्याच्या माझ्या एका शाळूसोबत्याचा मुलगा.

हा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. तिशीत आला आणि त्याचे वजन उतरू लागले. पोट कायम बिघडलेले, अंगात रक्त कमी. तपासण्या होता होता निदान झाले, सीलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय या धान्यांमध्ये ग्लूटेन नावाची प्रथिने असतात. हा आजार असलेल्या माणसाच्या पोटात ती गेली की शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्न शोषून घेणारे तिथले बारीक अंकुर झडू लागतात. यावर औषध नाही. ती धान्ये जन्मभर सोडायची, हाच इलाज.

"चपाती सुटली त्याचे काही वाटले नाही काका, आपण भाताचीच माणसे," तो मला म्हणाला. "पण शुक्रवारी संध्याकाळी कामावरचे सगळे एकत्र बसतात, तेव्हा मी आपला पाण्याचा ग्लास घेऊन कोपऱ्यात." बिअर जवाची, म्हणून तीही बंद. मग त्याने बिनग्लूटेनची बिअर घरीच करायला घेतली. पहिली अडचण आली तेव्हा त्याने फोन लावला तो रोह्याला, आईला. प्रश्न होता, नाचणीला मोड कसे आणायचे?

आईने सांगितले ते कोकणातल्या कोणत्याही बाईने सांगितले असते. नाचणी रात्रभर भिजत घाल. पाणी निथळून फडक्यात बांधून ठेव. मोड आले की पसरून सुकव, हाताने चोळून मोड झाड आणि मग दळ. तान्ह्या मुलाच्या पेजेसाठी हे पीठ घरोघर होते. इंग्रजी पुस्तकात नेमक्या याच कृतीला माल्टिंग म्हणतात. दाणा अंकुरताना त्यात पिष्टाची साखर करणारी द्रव्ये, म्हणजे एन्झाइम तयार होतात. ती साखर यीस्ट खाते, त्यातून मद्यार्क होतो आणि फेस येतो. बिअरची पहिली पायरी आमच्या आया-आज्या पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या, फक्त त्यांना बिअर करायची नव्हती.

बिअर जवाचीच, हे समीकरण पक्के झाले युरोपात. बव्हेरियात १५१६ साली फर्मान निघाले की बिअरमध्ये जव, हॉप्सची कडू फुले आणि पाणी यांखेरीज काही घालायचे नाही. आफ्रिकेतली माणसे मात्र ज्वारी-बाजरीची बिअर शतकानुशतके करत होती. नायजेरियाने १९८८ साली जवाची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांनाही ज्वारीकडे वळावे लागले. अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीने ज्वारीची बिनग्लूटेन बिअर बाजारात आणली ती २००६ साली. आपण जिला गरिबाची भाकरी म्हणतो, ती ज्वारी तिथे आजाऱ्यांच्या सोयीची नवी वस्तू म्हणून आली.

या आजाराचा इतिहासही भाकरीशीच जोडलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास अ‍ॅरेटियस या ग्रीक वैद्याने त्याचे वर्णन केले होते. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ साली मुलांमधला हा आजार नीट मांडला आणि बरे होणे शक्य असेल तर ते आहारानेच, असा अंदाजही केला. पण कोणत्या आहाराने, ते कळायला साठ वर्षे गेली. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय १९३०च्या दशकापासूनच होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांच्या नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. पाव मिळेनासा झाला होता, आणि डिके यांच्या या बालरुग्णांची प्रकृती मात्र सुधारत होती. पाव परतला, तसा आजारही परतला. १९५० साली त्यांनी प्रबंधातून गव्हाचा दोष मांडला. सारा देश भुकेला असताना काही आजारी मुले सुधारत होती, ही गोष्ट वाचताना आजही अंगावर काटा येतो.

भारतात हा आजार साहेबांचा समजला जात असे. १९६६ साली उत्तर भारतातल्या मुलांविषयीचा लेख एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला आणि तो समज हलला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तरेत शंभरात एकाहून थोडे अधिक, तर दक्षिणेत हजारात एक असे प्रमाण आढळले. या आजाराला वाव देणारी जनुके दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. मोठा फरक होता तो रोजच्या ताटातल्या गव्हात.

इथे मला आमचा मुलूख आठवतो. पेणचे खारेपाट म्हणजे समुद्राला बांध घालून पिकवलेली भातशेती. पेणचे पोहे प्रसिद्ध. रोह्याकडे कुंडलिकेच्या काठी भात, वर डोंगरउतारावर वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. गहू असायचा तो सणाच्या पुरणपोळीपुरता. १९५६ साली अमेरिकेशी धान्याचा करार झाला, रेशनच्या दुकानांत परदेशी गहू येऊ लागला आणि हळूहळू चपाती ही भाकरीपेक्षा प्रतिष्ठेची झाली. कोणाच्या अंगात ती जनुके निमूट बसली होती, हे गहू येईपर्यंत कळायचे कसे?

आणि आंबवण्याची विद्या? ती तर होतीच. नाचणीची आंबील घ्या. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरचे सांदण घ्या. तांदळाच्या पिठात नारळाचे दूध आणि माडी घालून ते फुगू द्यायचे, मग वाट्यांतून वाफवायचे. ईदेला आणि लग्नात मटणाच्या रश्शाबरोबर सांदण हवेच. मद्य आमच्यात वर्ज्य; पण पिठात पडलेली वाटीभर माडी ही पिण्याची वस्तू नव्हे, ते खमीर आहे, असे आजी म्हणायची. वडिलांना ते पटत नसे. पुढे दुकानात कोरडे यीस्ट मिळू लागले आणि वाद आपोआप मिटला. चव तेवढी थोडी बदलली. गव्हाचा कणही नसलेले हे पक्वान्न आमच्यासाठी मात्र नुसते सांदण होते.

या विद्येवर सरकारची नजर फार जुनी. १८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने माडी आणि दारू दोन्हींवर सरकारी पकड घट्ट केली. झाडागणिक कर आणि मक्तेदारांचे राज्य आले. १८९२च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरही निर्बंध आले. डोंगरातल्या ठाकूर-कातकऱ्यांना ती फुले टंचाईत अन्न म्हणूनही उपयोगी पडत. पुढे १९४९चा दारूबंदी कायदा आला. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली आहेत, त्यामुळे त्यामागची कळकळ मी नाकारत नाही. पण महसूल आणि नीती यांच्या या ओढाताणीत, घरगुती आंबवण्यात ज्ञानही आहे, हा विचार कुठे बसलाच नाही. इंग्लंडात घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. आपल्याकडे परवान्याशिवाय मद्य तयार करणे आजही गुन्हा आहे. तेव्हा मित्राच्या मुलाने तिकडे केले ते कोणी पेण-रोह्यात करू नये.

त्याच्या खटपटीत आणखी दोन गमती होत्या. नाचणीचे पिष्ट शिजायला जवापेक्षा जास्त उष्णता लागते, आणि त्या उष्णतेत साखर करणारी एन्झाइमच मरतात. म्हणून मोडाचे पीठ कोमट पाण्यात कालवायचे, वरचे पाणी काढून ठेवायचे, खालचा भाग शिजवून निववायचा आणि मग ते पाणी परत ओतायचे. दुसरी अडचण गाळण्याची. जवाची टरफले आपोआप गाळणी होतात. नाचणीला तशी टरफले नाहीत. यावर जगभर वापरतात ते भाताचे तूस! आमच्या गिरण्यांमागे त्याचे ढीग पडतात, तिकडे तो पिशवीने विकत घेतो.

जवाची बिअर करून त्यातले ग्लूटेन एन्झाइमने तोडतात, असाही एक प्रकार मिळतो. त्याच्या वाट्याला तो जात नाही. बिनग्लूटेन म्हणायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन नको, पण आंबवलेल्या पेयात तुटलेले ग्लूटेन नेमके मोजणे अवघड असते.

गेल्या गणपतीत तो रोह्याला आला होता. पापडाला हात लावण्याआधी त्याने हिंगाची डबी मागून घेतली. बांधानी हिंगात गव्हाचे पीठ असते, हे मला तेव्हा कळले. त्याची आई आता बिनहिंगाचे पापड वेगळे लाटते.

आमच्या घरी त्याच्यासाठी सांदण केले होते. खाता खाता मी विचारले, बिअरचे काय झाले? म्हणाला, "पहिली आंबली, दुसरी पाण्यासारखी झाली. तिसरी जमली. त्या शुक्रवारी सगळे माझ्या घरी आले आणि सगळ्यांनी तीच घेतली."

चव कशी होती, ते मी विचारले नाही.