सौर मनगटी घड्याळ

सौर मनगटी घड्याळ म्हणजे प्रकाशाचे विजेत रूपांतर करून त्या विजेवर चालणारे मनगटी घड्याळ होय. सावलीवरून वेळ दाखवणारे प्राचीन छायायंत्र याहून सर्वस्वी भिन्न आहे. 'सौर' हे विशेषण रूढ झाले असले, तरी अशा घड्याळाला सूर्यप्रकाशच लागतो असे नाही. ते दिव्याच्या प्रकाशावरही चार्ज होते. वेळ मोजण्याचे काम यातही क्वार्ट्झ स्फटिकच करतो. त्यामुळे सर्वसाधारण सौर घड्याळाची अचूकता सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळाइतकीच, म्हणजे महिन्याला सुमारे १५ सेकंद पुढे किंवा मागे, इतकी असते. फरक असतो तो ऊर्जा मिळवण्याच्या व साठवण्याच्या पद्धतीत.

इतिहास

अमेरिकी संशोधक रॉजर रील यांचे 'सिंक्रोनार' हे आरंभीच्या सौर मनगटी घड्याळांपैकी एक होय. १९७० च्या दशकात ते विक्रीस आले. त्याचा वरचा पृष्ठभाग सौरघटांनी व्यापलेला असल्याने वेळेचे आकडे कडेच्या बाजूस दिसत. १९७६ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीने 'क्रिस्ट्रॉन सोलर सेल' हे काट्यांचे सौर घड्याळ बाजारात आणले. त्याच्या तबकडीवर सौरघट उघडे दिसत. पुढील सुमारे दोन दशके सौर घड्याळ त्याच्या गडद, चौकटी पडलेल्या तबकडीवरून लांबूनही ओळखू येई, आणि ते अनेकांना रुचत नसे.

१९९५ पासून सिटिझनने 'इको-ड्राइव्ह' या नावाने घड्याळे आणली. त्यांत सौरघट अर्धपारदर्शक तबकडीच्या खाली दडवलेला असतो. कॅसिओने 'टफ सोलर' या नावाने हे तंत्र आकडी घड्याळांत रुळवले. फ्रान्सच्या कार्तिए कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या 'टँक मस्ट'च्या सौर आवृत्तीत तबकडीवरील रोमन अंकांना सूक्ष्म छिद्रे पाडून त्यांतून प्रकाश आत घेतला आहे.

रचना

सौरघट बहुधा अस्फटिकी सिलिकॉनचा असतो. घरातील मंद प्रकाशातही तो बऱ्यापैकी काम करतो, हे त्याच्या निवडीचे मुख्य कारण. एका घटाचा विद्युतदाब साठवणीच्या सेलला चार्ज करण्यास पुरत नाही. म्हणून तबकडीखालचा घट अनेक भागांत विभागून ते भाग एकसरीत जोडतात. या जोडणीचा एक परिणाम वापरणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. एकसरीतील सर्व भागांतून सारखाच प्रवाह वाहत असल्यामुळे एका भागावर सावली पडली, तरी सबंध घटाचे उत्पादन घसरते. शर्टाच्या बाहीने तबकडीचा पाव भाग झाकला, तर केवळ पाव ऊर्जा बुडते असे नव्हे. बरीच अधिक बुडू शकते.

मिळालेली वीज पुन्हा चार्ज होणाऱ्या गुंडीवजा सेलमध्ये साठवली जाते. आधुनिक घड्याळांत हा सेल लिथियमवर आधारित असतो. सेल पूर्ण भरल्यावर पुढचे चार्जिंग रोखणारे मंडलही सोबत असते. त्यामुळे घड्याळ दिवसभर उजेडात राहिले म्हणून 'जास्त चार्ज' होत नाही. काट्यांच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळाला चालण्यासाठी अवघे काही मायक्रोवॅट लागतात. इतक्या अल्प गरजेमुळेच बोटाच्या पेराएवढ्या रुंदीच्या तबकडीवर हा संसार चालतो.

चार्जिंग

प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. उन्हाळ्यातील थेट ऊन सुमारे १,००,००० लक्स, ढगाळ दिवशी उघड्यावरचा उजेड सुमारे १०,००० लक्स, तर दिवे लावलेल्या कार्यालयातील उजेड साधारण ५०० लक्स असतो. डोळा उजेडाशी जुळवून घेत असल्याने माणसाला हा दोनशेपटींचा फरक तितकासा जाणवत नाही. सौरघटाला मात्र तो पुरेपूर जाणवतो. काट्यांच्या एखाद्या साध्या घड्याळाची एका दिवसाची गरज थेट उन्हात सुमारे २ मिनिटांत, ढगाळ उजेडात सुमारे १२ मिनिटांत भागते. त्याच कामासाठी ५०० लक्सच्या खोलीत सुमारे ४ तास लागतात. दिवा, गजर व इतर सोयी असलेल्या आकडी घड्याळांना याहून अधिक वेळ लागतो. पावसाळ्यातील झाकोळलेल्या दिवशीही अंगणात थोडा वेळ फिरणे पुरेसे ठरते ते यामुळेच. उलट ट्यूबलाइटखाली दिवसभर बसणारा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा मनुष्य आपले घड्याळ नकळत उपाशी ठेवत असतो.

ही आकडेवारी दिवसाचा खर्च भरून काढण्यापुरती आहे. पूर्ण रिकामा झालेला सेल काठोकाठ भरण्यास उन्हातही काही तास, आणि खोलीतील उजेडात शंभराहून अधिक तास लागू शकतात. बंद पडलेले घड्याळ उजेडात ठेवताच काटे हलू लागतात आणि ते 'चार्ज झाले' असा समज होतो. प्रत्यक्षात काही मॉडेलांत काटे लवकर चालू करण्याची सोयच केलेली असते. साठा जवळजवळ रिकामाच असतो. त्या रात्री ते पुन्हा थांबले, तर दोष यंत्राचा नसतो.

साठा कमी झाल्याची सूचना अनेक घड्याळे स्वतः देतात. काट्यांच्या घड्याळात सेकंदकाटा दर सेकंदाऐवजी दोन सेकंदांनी एकदम दोन घरे उडी मारतो. वेळ त्या अवस्थेतही बरोबरच असते. आकडी घड्याळात साठ्याची पातळी पडद्यावर दिसते आणि ती घसरली की दिवा व गजर आधी बंद होतात.

विश्वसनीयता

'सेल कधीच बदलावा लागत नाही' हे जाहिरातींतील विधान अर्धसत्य आहे. सौरघटात हलणारा भाग नसतो व तो सहसा घड्याळाच्या आयुष्यभर टिकतो. झीज होते ती साठवणीच्या सेलची. तो रासायनिक असल्याने वयानुसार त्याची क्षमता घटते, मात्र साध्या सेलप्रमाणे दोन-तीन वर्षांत संपत नाही. कार्तिएने आपल्या यंत्रणेचे सरासरी आयुष्य १६ वर्षे असल्याचे सांगितले आहे. 'कधीच नाही' या शब्दांपेक्षा असा आकडा ग्राहकाला अधिक उपयोगी पडतो.

सेल अकाली निकामी होण्याची मुख्य कारणे दोन: दीर्घकाळचा अंधार आणि उष्णता. पूर्ण चार्ज झालेले घड्याळ अंधारात मॉडेलनुसार काही महिने चालते. ऊर्जाबचतीची सोय असल्यास काटे किंवा पडदा बंद ठेवून ते आणखी टिकते. मात्र कपाटाच्या खणात वर्षानुवर्षे रिकामे पडून राहिलेला सेल पुन्हा पूर्ण क्षमतेने भरेलच अशी खात्री नसते. भेट मिळालेली, 'चांगल्या प्रसंगासाठी' जपून ठेवलेली घड्याळे बहुधा अशीच बिघडतात. उष्णतेचा धोका चार्जिंगच्या घाईतून उद्भवतो. उन्हात उभ्या मोटारीच्या काचेमागे किंवा तापणाऱ्या पिवळ्या बल्बच्या अगदी जवळ घड्याळ ठेवल्यास सेल, पडदा व पाणी रोखणारी रबरी कडी यांना इजा होते. सकाळच्या उन्हात खिडकीशी, अंग तापणार नाही अशा बेताने ठेवणे श्रेयस्कर.

काही सौर घड्याळे रेडिओ संकेतावरून वेळ आपोआप जुळवतात. असे संकेत जपान, अमेरिका, ब्रिटन, जर्मनी व चीन येथील केंद्रांतून प्रसारित होतात; त्यांत भारत नाही. त्यामुळे येथील ग्राहकाला या सोयीसाठी जादा पैसे मोजण्यात सहसा अर्थ नसतो.

सेल बदलणे

सौर घड्याळात त्याच्यासाठी नेमून दिलेला, पुन्हा चार्ज होणारा सेलच बसवावा लागतो. त्याच आकाराचा साधा सिल्व्हर ऑक्साइड सेल बसवल्यास घड्याळ काही काळ चालते खरे. परंतु सौरघट त्या सेलला चार्ज करू पाहतो आणि सेल गळून किंवा फुटून यंत्र कायमचे खराब होण्याचा संभव असतो. ही चूक टळावी म्हणून अनेक उत्पादक आपल्या सेलला विशिष्ट आकाराची धातूची पट्टी जोडतात. दुरुस्तीस देताना घड्याळ सौर असल्याचे कारागिराला आधीच सांगावे, कारण तबकडीखाली दडलेला सौरघट मागचे झाकण उघडणाऱ्याला दिसत नाही.