इंदूरची दैवते आणि त्यांचे पाणी

इंदूर शहर कोणत्या देवाचे, असा प्रश्न केला तर आजचा इंदूरकर खजराण्याच्या गणपतीचे नाव घेईल. जुना मराठी गृहस्थ राजवाड्यातील मल्हारी मार्तंडाकडे बोट दाखवील, कारण तो होळकरांचा कुलस्वामी. परंतु ज्याच्या नावावरून या शहरास नाव मिळाले असे परंपरा सांगते, तो इंद्रेश्वर महादेव मात्र पंढरीनाथाच्या वस्तीत दाटीवाटीच्या घरांमध्ये बसलेला आहे आणि बाहेरगावचा पाहुणा त्याच्या दर्शनास क्वचितच जातो. कथा अशी की, देवराज इंद्रास श्वेतकुष्ठाची व्याधी जडली, तेव्हा त्याने नदीतून शिवलिंग काढून येथे त्याची स्थापना केली व तप केले. पाऊस ओढ धरतो त्या वर्षी आजही या लिंगास पाण्यात बुडवून ठेवतात. देऊळ चार हजार वर्षांचे आहे असे सांगणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की लिंग नदीतून निघाले आणि पावसासाठी पुन्हा पाण्यात जाते.

आता खजराण्याकडे वळू. या देवळाची स्थापना अहिल्याबाईंनी १७३५ साली केली असे सर्रास छापले जाते. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा. १७३५ साली त्या दहा वर्षांच्या सून होत्या. पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली पडले, सासरे मल्हारराव १७६६ साली वारले, आणि पुत्र मालेरावांच्या मृत्यूनंतर १७६७ साली राज्यकारभार त्यांच्या हाती आला. दहा वर्षांच्या मुलीने देऊळ बांधविले हे म्हणणे कोणत्याही न्यायालयात टिकावयाचे नाही. एक तर साल चूक, नाहीतर नाव चूक. परंतु त्याच कथेचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. औरंगजेबाच्या काळात मूर्ती विहिरीत दडवून ठेवली होती व ती स्वप्नदृष्टान्ताने बाहेर काढली, असे सांगतात. हरसिद्धीच्या देवळाविषयीही तेच. ते देऊळ हरिराव होळकरांनी बांधविल्याचे सांगतात, आणि देवीची मूर्ती शेजारच्या बावडीतून निघाली अशी लोकांची श्रद्धा आहे. आपण जिला बारव म्हणतो तिलाच माळव्यात बावडी म्हणतात.

एक देव नदीतून, एक विहिरीतून, एक बावडीतून! सनावळी खोट्या पडल्या तरी तीन कथा एकच साक्ष देतात, आणि ती साक्ष मला ग्राह्य वाटते. या भूमीत आधी पाणी शोधले गेले आणि मग तेथे देव बसला. गोमंतकातील वाचकांस हे वेगळे सांगावयास नको. कुशस्थळीहून १५६० साली मंगेशाचे लिंग प्रियोळास आले. तेथील देवळाची पुढे अनेकदा नवी बांधणी झाली, पण देवालयाच्या साऱ्या वास्तूत सर्वांत जुनी समजली जाते ती तेथील तळी. कळस, दीपमाळ, सभामंडप हे मागाहून आलेले ऐश्वर्य होय.

इंद्र आणि पाऊस यांचा विषय निघाला म्हणजे एका दूरच्या शहराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जपानातील क्योटो हे शहर ७९४ साली राजधानी म्हणून वसले. तेथील तोजी नावाच्या मठात ८३९ साली प्रतिष्ठापिलेला एकवीस मूर्तींचा एक समूह आहे. त्यांत हंसांवर बसलेला ब्रह्मदेव आहे आणि हत्तीवर आरूढ झालेला आपला इंद्रही आहे. तेथे त्यास ताइशाकुतेन म्हणतात. बौद्ध धर्माच्या संगतीने चीनमार्गे गेलेले हे आपले देव तेथे परके म्हणून राहिले नाहीत. सरस्वती तेथे बेन्झाइतेन झाली. आपण तिला विद्येची देवता म्हणून पुस्तकाजवळ बसविली. जपान्यांनी मात्र ती मुळात नदी आहे हे लक्षात ठेवले, म्हणून तिची देवळे बहुधा तळ्याच्या मध्यभागी बेटावर असतात.

त्याच शहरात शिन्सेनएन नावाचे एक उद्यान आहे. नावाचा अर्थ ‘पवित्र झऱ्याचा बाग’. ८२४ साली अवर्षण पडले, तेव्हा कूकाइ नावाच्या आचार्याने येथील तळ्याकाठी अनुष्ठान करून पावसासाठी नागराजास बोलाविले, आणि तो नाग हिमालयातील अनवतप्त सरोवरातून आला, अशी तेथील आख्यायिका आहे. इंद्रेश्वरास बुडविणारा आपला पुजारी आणि तो आचार्य यांच्यात अंतर मोठे आहे, पण दोघांचा अर्ज एकाच कचेरीत दाखल झालेला दिसतो. पुढे ८६९ साली रोगराई पसरली, तेव्हा याच उद्यानात देशाच्या सहासष्ट प्रांतांच्या नावाने सहासष्ट भाले उभारून देवांची शांती करण्यात आली. आज जुलै महिन्यात निघणारी गिओनची प्रसिद्ध रथयात्रा ती त्याच शांतीची परंपरा. ‘गिओन’ हे श्रावस्तीच्या जेतवनाचेच जपानी रूप आहे हे कळले म्हणजे मौज वाटते. ज्या यासाका देवस्थानाचा हा उत्सव, त्याच्या मुख्य मंदिराखाली जलकुंड असून त्यात नागराजाचा वास आहे, अशी समजूत आहे. कियोमिझु या डोंगरावरील प्रख्यात देवालयाच्या नावाचा अर्थच मुळी ‘शुद्ध पाणी’. देवालयाची आजची इमारत १६३३ सालची, पण तिच्या पायथ्याशी तीन धारांनी पडणारे पाणी त्याहून कितीतरी जुने. भाविक लांब दांड्याच्या पळीने ते तीर्थ घेतात. क्योटोची देवळे आगींत व यादवी युद्धांत अनेक वेळा भस्म झाली आणि पुन्हा उभी राहिली. झरा मात्र पुन्हा बांधता येत नाही, हे ओळखून त्या लोकांनी तो जपला.

हे ज्ञान आपल्याकडे नव्हते असे नव्हे. अहिल्याबाईंचे नाव घेतले की काशी, सोरटी सोमनाथ, गया येथील देवळे आठवतात. परंतु त्यांच्या दानाचा फार मोठा भाग पाण्याचा होता. मणिकर्णिकेचा घाट, वेरूळचे कुंड, वाटोवाटच्या विहिरी व बारवा ही त्याची उदाहरणे. दक्षिणेतील देवळांत मूर्तींच्या स्नानासाठी गंगेचे पाणी नियमाने पोहोचविण्याची व्यवस्था त्यांनी लावली होती. सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तान्तात याची नोंद आहे. महेश्वरच्या आसपास नांगरास जुंपलेल्या बैलांना थांबवून त्यांस पाणी पाजणारे बाईंचे नोकर असत, असेही तो लिहितो. देवळे पुष्कळ राजांनी बांधली. नांगराचा बैल तहानेला असेल हे ध्यानात ठेवणारी राज्यकर्ती विरळा.

हा खर्च राज्याच्या तिजोरीतून होत नसे. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस खासगी जहागीर दिली. ती सासूकडून सुनेकडे आली, आणि बाईंनी तिच्या उत्पन्नातून धर्मकृत्ये केली. पुढे संस्थान विलीन झाल्यावर १९४९ साली असे ठरले की, खासगीच्या मिळकती व उत्पन्न मध्य भारत सरकारकडे जावे आणि त्याच्या मोबदल्यात सरकारने या धर्मादायांसाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूस ठेवावे. २७ जून १९६२ रोजी या धर्मादायांचा विश्वस्तनिधी स्थापन झाला. त्याच्याविषयीचा मोठा वाद अलीकडे इंदूरच्या उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. या वादात हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या मिळकतीचे हस्तांतरण हा एक प्रमुख मुद्दा होता. म्हणजे येथेही भांडण पाण्याकाठचेच! २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हा निधी सार्वजनिक न्यास आहे व १९५१ च्या मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली त्याची नोंदणी झालीच पाहिजे. माझ्या मते हा निर्णय योग्य आहे. बाईंनी स्वतःच्या पैशाने बांधलेला घाट त्यांनी स्वतःच्या वापरासाठी बांधला नव्हता.

तथापि कायद्याची एक उणीव राहून जाते. हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. तिला मिळकत धारण करता येते आणि दावा लावता येतो, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मलिक घराण्याच्या खटल्यात स्पष्ट केले. देवाच्या पाण्यास मात्र असे व्यक्तित्व नाही. २०१७ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनांना ते बहाल केले, पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. देवळाचा ओटा कोणी बळकाविला तर देव वादी होऊ शकतो. देवाची विहीर बुजविली तर ती विहीर कोणाच्या नावाने ओरडणार?

इंदूरला या बाबतीत एकदा चांगला सल्लागार मिळाला होता. १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर राजधानी महेश्वरहून येथे आली, आणि शंभर वर्षांत शहर इतके वाढले की प्लेग व हिवताप त्याच्या पाठीस लागले. तेव्हा दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारास पाचारण केले. त्याचा दोन भागांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. शहरातील नद्या स्वच्छ करून त्यांच्या काठी बागा कराव्यात, विहिरी व तळी बुजवू नयेत तर निर्मळ राखाव्यात, असा त्याच्या विचारांचा रोख होता. १९१७ च्या दिवाळीत त्याने जी मिरवणूक काढविली तिचे वर्णन वाचताना गिओनच्या रथयात्रेची आठवण होते. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जावयाची हे आधी ठरविले नव्हते; ज्या पेठेने घरे-अंगणे अधिक झाडली त्या पेठेतून ती जाईल, अशी दवंडी होती. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, स्वच्छ पांढऱ्या पोशाखात माळा घातलेले सफाई कामगार होते, आणि लक्ष्मीच्या मागून एक नवीच देवता होती, ती म्हणजे इंदूर नगरी. रात्री राक्षस व उंदीर जाळण्यात आले. रोगराईच्या निवारणार्थ क्योटोने एक हजार वर्षांपूर्वी जे केले तेच येथे एका परदेशी गृहस्थाने आपल्या देवतांस हाताशी धरून केले. फरक एवढाच की, तेथे तो उत्सव टिकला. येथे तो एकदाच झाला.

गेडिसच्या नद्यांचे काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ खान व सरस्वती या नद्यांचा संगम होतो. खानेस आता पुष्कळजण कान्ह म्हणतात. शहरास २०१७ पासून देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून सन्मान मिळत गेला, २०२१ साली सांडपाण्याच्या व्यवस्थेबद्दलही गौरव झाला, आणि नाले अडविण्याचे काम खरोखरच मोठे झाले. त्याचे श्रेय नाकारणे कोतेपणाचे होईल. तरीही ही नदी पुढे उज्जैनीजवळ क्षिप्रेस मिळते, आणि २०१६ च्या सिंहस्थापूर्वी तिचे पाणी सुमारे १९ किलोमीटर लांबीच्या नळांतून रामघाटास वळसा घालून पुढे न्यावे लागले. २०२८ च्या सिंहस्थासाठीही तिला बंदिस्त मार्गाने नेण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. जिच्यातून इंद्राने शिवलिंग काढले, तिचे पाणी महाकालाच्या यात्रेकरूंच्या अंगास लागू नये म्हणून ही खटपट! इंदूरची तहान १९७८ पासून नर्मदा भागवीत आहे. महेश्वरजवळच्या जलूदहून ते पाणी घाट चढून येते. बाईंच्या वाड्याखालून वाहणारी नदीच अखेर बाईंच्या शहराच्या उपयोगी पडली.

३० मार्च २०२३ रोजी रामनवमी होती. स्नेहनगराच्या परिसरातील बेलेश्वर महादेवाच्या देवळात हवन चालू असता पायाखालची फरशी खचली आणि भाविक खाली कोसळले. खाली जुनी बावडी होती. तिच्यावर छत टाकून तीवर बसण्याची जागा केलेली होती, आणि जमलेल्यांपैकी अनेकांस आपण पाण्यावर बसलो आहोत याची जाणीवही नव्हती. छत्तीस माणसे मृत्युमुखी पडली. बांधकामाविषयी महानगरपालिकेने आधी नोटीस बजावली होती, हेही नंतर उघड झाले. थोड्याच दिवसांत ते बांधकाम पाडून बावडी बुजविण्यात आली. यासाका देवालयाखालीही पाणी आहे, परंतु ते आहे हे तेथील यात्रेकरू कथेच्या रूपाने तरी जाणतो. आपण पाणी झाकले आणि त्याची कथाही विसरलो. दोष छताचा की विस्मरणाचा, याचा निवाडा कोणत्याही चौकशी-आयोगास करता यावयाचा नाही. बुजविलेल्या बावडीविषयी माझे मत मात्र स्पष्ट आहे. तिला कठडा बांधून, गाळ उपसून, उघडी ठेवावयास हवी होती.

आमच्या स्नेहलतागंजास होळकरांच्या राजकन्येचे नाव आहे, जसे मनोरमागंजास तिच्या बहिणीचे. येथून जुन्या शहरातील देवळे पाहण्यास निघणाऱ्या पाहुण्यास मी नेहमी पायी चालण्याचा आग्रह करतो. आधी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव व शिवाजीराव यांची स्मारके, पाहाव्यात. तेथे पुलावर थांबून दोन्ही प्रवाहांकडे एकदा नीट पाहावे. मग राजवाड्यातील मल्हारी मार्तंड. १९८४ च्या आगीत वाड्याबरोबर हे देवस्थानही जळाले होते व ते पुन्हा उभारण्यात आले. लगतचे गोपाळ मंदिर कृष्णाबाईंनी १८३२ साली बांधविले. त्याचे लाकडी खांब पाहण्यास वेळ राखून ठेवावा. पुढे हरसिद्धी आणि पंढरीनाथ. आषाढीस येथे गेलात तर मराठी अभंग कानी पडतील. शेवटी इंद्रेश्वर. खजराणा, बिजासनी आणि १९५९ सालचे अन्नपूर्णा मंदिर ही दूरची ठिकाणे दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत. आणि प्रत्येक देवळात दर्शन झाल्यावर तेथील विहीर कोठे आहे, असे पुजाऱ्यास विचारावे; काही ठिकाणी तो उठून दाखवील, काही ठिकाणी नुसताच फरशीकडे हात करील.